तीन नंबरचा रकाना

सोमवार, ता. ४

गोदामातून आलं ते: यांचा डबा, चपला, टॉवेल, गव्हाच्या धुळीने भरलेला एक शर्ट. रिक्षाचे चाळीस — तेही आपल्याच पदरचे! सोबत चिठ्ठी. चौकशी संपेपर्यंत कामावर यायचं नाही.

लंबूला जाऊन तीन दिवस झाले. यांच्याबरोबरचा कामगार. शुक्रवारी सकाळी तीन नंबरच्या टाकीत गव्हावर उभा राहिला आणि पायाखालचा गहूच खचला. वरून भरलेली टाकी, आत पोकळ! काढेपर्यंत संपलं होतं सगळं.

हे भिंतीकडे तोंड करून पडून आहेत.

मंगळवार, ता. ५

दोन घास खाल्ले यांनी. मी जपाला बसले. माळ हातात तशीच राहिली.

बुधवार, ता. ६

वन्सं येऊन गेल्या. "गव्हात ओल किती ते वहीत लिहायचं काम दादाचं. वहीत म्हणे 'कोरडा' आहे. मग दोष कुणाच्या माथी येणार?" मी चहा टाकला. "आणि साखर घाल गं नीट! दुखवट्यातसुद्धा काटकसर हिची." एरवी उलट उत्तर दिलं असतं.

गुरुवार, ता. ७

आज बोलते झाले. गहू असा अधांतरी राहतोच कसा, मी विचारलं. यांनी ओट्यावरची मिठाची बरणी उचलली, उपडी धरली. मीठ पडेना.

"ओल दोन दाण्यांच्या फटीत बसते. हाताला कळतही नाही. पण दाण्याला दाणा धरून ठेवते. टाकीचं खालचं तोंड उघडलं की खालचा गहू वाहून जातो, वरचा एकमेकांना धरून छतासारखा उभा. मग तो फोडायला कुणीतरी वरून काठी घेऊन उतरतं..."

बरणीला टिचकी मारली. सगळं मीठ एकदम ओट्यावर.

मीठ तसंच पडू दिलं. मी!

शनिवार, ता. ९

लंबूच्या घरी गेले. बायको दारातच बसलेली. डोळे कोरडे.

"वहिनी, रकाना मोकळा दिसला की हे वर चढायचेच नाहीत. मॅनेजर 'ओला' लिहू देत नाही, म्हणून भावजी रकाना मोकळा ठेवायचे. सगळ्यांना ठाऊक होती ती खूण. त्या दिवशी भरलेला होता हो! भावजींनी असं का केलं?"

भावजींनी नाही. मी.

यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कच्च्या चिठ्ठीवरून रोज संध्याकाळी वहीत उतरवते ती मी. एखादा रकाना मोकळा असला की हे शेजारून म्हणत, "राहू दे, सकाळी भरीन." लंबू गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी यांना ताप होता, ग्लानीत होते. चिठ्ठीत तीन नंबरपुढे काहीच नव्हतं. वाटलं, तापात राहून गेलं. मोकळी जागा मला बघवत नाही. वर 'कोरडा', त्याच्यावर 'कोरडा'. खाली दोन फटकारे मारले — वरीलप्रमाणे.

सकाळी वही न्यायला लंबूच आला होता. "वहिनी, तुमचं अक्षर छापील! साहेबांचं वाचायला ज्योतिषी लागतो." हसत हसत माझ्याच हातून घेऊन गेला.

तिला न सांगताच उठले, आले.

रविवार, ता. १०

यांना सांगितलं. यांना ठाऊक होतं! पहिल्या दिवसापासून!

"अक्षर माझंच आहे, असं लिहून दिलंय मी. विषय संपला."

"ती खूण मला का नाही सांगितलीत?"

"घरात कशाला आणायची ती भीती? तुला रोज घोर लागला असता."

मग भिंतीकडे वळता वळता, "तुझ्यावर राग नाही गं." त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, ता. ११

वन्सं सांगून गेल्या, वकील म्हणतो तुरुंग चुकत नाही. "तू बस माळ ओढत!"

देवापुढे बसले. काय मागू? लंबू परत येत नाही. माझं पाप यांच्या अंगावर, आणि मी तिन्हीत्रिकाळ स्वयंपाक करते आहे. दिवा न लावताच उठले.

मंगळवार, ता. १२

टपालात टाकून आले. यांना सांगितलेलं नाही. नक्कल:

"चौकशी अधिकारी साहेबांस,
तीन नंबरचा रकाना माझ्या पतीने मोकळा ठेवला होता. तो मी भरला. अक्षर माझे आहे, हवे तर समोर बसवून लिहून घ्यावे. पाठकोरे कागद मी टाकत नाही. त्यामुळे चार वर्षांच्या कच्च्या चिठ्ठ्या घरी निघाल्या, त्या सोबत जोडल्या आहेत. किती रकाने मोकळे आहेत ते मोजावे, आणि ते कुणामुळे मोकळे ठेवावे लागले, हे मॅनेजर साहेबांना विचारावे. मी कुठे व केव्हा हजर व्हावे, ते कृपया उलट टपाली कळवावे."