झाडाच्या हाताखाली

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, त्यामुळे तूर्त कागदावरच). तुमची कंबर कशी आहे? मामींचा राग उतरला का? आम्ही इकडे ठीक, म्हणजे मी सोडून सगळे.

तुम्ही चाळीस वर्षं रोपवाटिका सांभाळलीत, म्हणून हे तुम्हालाच लिहितो. दुसरा कुणी मला वेड्यात काढेल. आमच्या पाण्याच्या टाकीचं काम तुम्हाला ठाऊक आहेच. तिच्या पाइपलाइनच्या बरोब्बर वाटेत एक थोराड झाड उभं आहे. ते तोडायच्या कागदावर मी सही करणार, तेवढ्यात मुख्य कार्यालयाने आम्हा प्रकल्प व्यवस्थापकांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. विषय : पर्यावरण जपत माणसं कशी सांभाळावीत. तिथल्या बाईंनी बजावलं की कामाची झळ ज्याला ज्याला लागते त्याला बैठकीत बोलवा, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांचंही ऐका. (मला वाटलं, माझ्याबद्दलच बोलताहेत. घरी तेव्हा माझी तीच गत होती.)

मी पडलो आज्ञाधारक. परत आल्यावर सोमवारची बैठक झाडाखाली भरवली आणि त्याच्यासाठी एक खुर्ची मोकळी ठेवली. आमचा मुकादम माझ्याहून काटेकोर. त्याने हजेरीपटात ‘श्री. झाड’ अशी नोंद केली आणि मताच्या रकान्यात लिहिलं, ‘शांतपणे ऐकून घेतलं’. पुढच्या सोमवारपासून चमत्कारच झाला. एरवी माझ्याशी हमरीतुमरीवर येणारा ठेकेदार त्या खुर्चीकडे तोंड करून आदबीने बोलू लागला. वेल्डर जेवणाच्या सुट्टीत आपलं सासूप्रकरण झाडाला सांगून हलका होऊन येई. मी सल्ला द्यायला गेलो, तर म्हणाला, "साहेब, तुम्ही राहू द्या. झालंय आमचं बोलणं."

मग मुख्य कार्यालयातून गुणपत्रकं आली. हजेरीपटावरच्या प्रत्येकाला इतरांनी गुण द्यायचे होते : मध्येच तोंड न घालणं, आवाज न चढवणं, वीज-कागद जपणं, पुढच्या पिढीचा विचार. झाडाला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. (दोन कापले, कारण ठेकेदाराच्या डब्यात पान पडलं.) मला एकतीस, त्यातले बारा अक्षरासाठी. वरती माणसं कोण बघतं, बेरीज बघतात. पंधरा दिवसांत आदेश आला : श्री. झाड प्रकल्प व्यवस्थापक, मी त्यांचा सहायक. मी मुख्य कार्यालयातल्या साहेबांना फोन करून सांगितलं की अहो, ते झाड आहे. ते म्हणाले, "वरिष्ठांबद्दल असं बोलू नये. इथेच तुमचे गुण जातात."

पाइपलाइन आता झाडाला वळसा घालून जाते; साहेबांच्या मुळाशी खणायची कुणाची छाती? खरं सांगतो मामा, मनाला फार लागलं. या पदासाठी मी अकरा वर्षं चपला झिजवल्या होत्या.

तुमचा (आणि आता झाडाचाही) आज्ञाधारक,
भाचा

ता. क. मुख्य काम राहिलंच. पद मिळाल्यापासून झाडाची पानं भराभर गळताहेत. (माझे केस याच खुर्चीपायी गेले.) तुम्ही एकदा येऊन त्याला तपासा, खत घाला, काय वाट्टेल ते करा.

आणखी एक ता. क. मामा, खरंच लवकर या. हल्ली मी सहाच्या ठोक्याला घरी असतो, घरचे माझं बोलणं ऐकून घेतात, काल तर पोरीने मला हसताना पाहिलं. आणि झाड वाळलं, तर नियमाप्रमाणे ते पद पुन्हा माझ्याकडेच येतं.