बाईसाहेब काय जेवल्यात

आई, आज मासा मिळाला. बाकीचं मागाहून सांगतो, आधी हे. हातांना अजून माशाचा मस्त वास येतोय.

इथे परदेशात अख्खा उन्हाळा मी आणि माझी लेक दर रविवारी हेन्डरसनच्या घरून गाडी काढून समुद्राच्या धक्क्यावर गळ टाकायला जायचो आणि हात हलवत परत यायचो. ही नात तू पाहिलीच नाहीस. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत. उद्या ती नोकरीसाठी लांब पोरिरुआ शहरात राहायला चाललीय. जायच्या आत दोघांनी मिळून एक तरी मासा काढायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

चूक माझीच. गळाच्या सामानाच्या दुकानात भिंतभर आमिषाचे खोटे मासे टांगलेले, आणि मी ते अलिबागच्या बाजारात तुझ्यामागे पिशवी धरून फिरल्यासारखा निवडत होतो. अंगाने भरलेला, चकचकीत, कल्ले लालभडक. दुकानदार हसला. "मेट, तो तू खाणारेस की मासा?" मला राग आला. तोच घेतला, वर त्याला शोभेल असा जाडजूड रॉड.

गेल्या रविवारी धक्क्यावर शेजारी गळ टाकून बसलेल्या माओरी काकांना आमची दया आली, त्यांनी त्यांना मिळालेली एक कहावाई दिली, इथला मोठा मासा. घरी सिंकपाशी तिचं पोट चिरलं आणि मागच्या दारी विळीवर बसलेली तू दिसलीस. सुरमईचं पोट उघडून बोटाने चाचपतेस, म्हणतेस, "बघ रे, बाईसाहेब काय जेवल्यात." मला वाटायचं, तुझी गंमत. कहावाईच्या पोटात करंगळीएवढे काटकुळे चंदेरी मासे निघाले, हीप्स, म्हणजे ढीगभर. गुबगुबीत एकही नाही.

काल दुकान उघडायच्या आत दारात हजर. आमिषाला करंगळीएवढी चंदेरी पट्टी, बारीक दोरी, हलका रॉड. "स्वीट ॲज," दुकानदार म्हणाला, म्हणजे एकदम झकास. आज पोरीने ती लांब फेकली, भरभर गुंडाळत आणली आणि रॉड असा वाकला की ती किंचाळली, "बाबा, धर, धर!" चक्क मराठीत. मी जाळं घेऊन गुडघ्यावर, अर्धा भिजलेला. काय सांगू तुला, वेडा झालो होतो मी आनंदाने.

परतताना तिने विचारलं, "हाऊ डिड यू नो?" मी म्हणालो, यूट्यूब. तुझं नाव घेतलं असतं तर गाडी चालवता आली नसती.

हे पत्र तुला पोचायचं नाही, आणि तिला मराठी वाचता येत नाही. मासा सिंकमध्ये आहे, पोट अजून चिरलेलं नाही. तिला हाक मारतो आणि म्हणतो, बघ गं, बाईसाहेब काय जेवल्यात. मग हे कोण म्हणायचं, ते सांगावंच लागेल.