चालण्याच्या वेगाने

रविवार, २ जून
नव्या घरात आज बिऱ्हाड थाटले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, दारापुढे गाडी मावेल एवढे अंगण, ऊन मुबलक. पत्नीच्या निधनानंतर प्रथमच मन प्रसन्न आहे. पुढील रविवारी कन्या कायमची राहावयास येईल. तिच्यावाचून मला आता दुसरे कोणी नाही. तिची खोली मी स्वतः झाडून घेतली. गल्लीत शिरताना मात्र गाडीच्या पुढील डाव्या चाकाकडून काही घासल्याचा आवाज आला. लेकीला स्टेशनवरून आणण्यापूर्वी त्याचा निकाल लावला पाहिजे.

मंगळवार, ४ जून
कोपऱ्यावरील मिस्त्री बोलका आहे. त्याने चाक उतरवले, ब्रेक पॅड बदलले, डिस्क साफ केली, बेअरिंग हलवून पाहिले. सर्व ठाकठीक. स्वतः एक फेरी मारून आला आणि म्हणाला की, काका, गाडी नव्या नवरीसारखी गप्प आहे, सर्व्हिसिंग तुमच्या कानांचं करू या. मीही हसलो. परतताना गल्लीत वेग मंदावताच तो आवाज पुन्हा सुरू झाला: एक ठोका, मग एक घासणे. वेग वाढवला की बंद.

गुरुवार, ६ जून
आज निराळी तपासणी. मी गाडी माणसाच्या चालीने हाकावयाची आणि मिस्त्रीने चाकालगत वाकून, कान देत चालावयाचे. थोडे अंतर गेल्यावर तो एकाएकी बाजूस सरला, रस्त्यात कोणाला वाट द्यावी तसा. तोंडचे पाणी पळाले होते. आवाज चाकातून नाही, चाक आणि मी यांच्या मधून येतो, एवढेच तो कसाबसा बोलला. काका, हात जोडतो, ही गाडी पुन्हा माझ्याकडे आणू नका, असे म्हणून त्याने शटर ओढले.

शुक्रवार, ७ जून
हा आवाज माझ्या परिचयाचा आहे. पक्षाघातानंतर पत्नी डावा पाय ओढीत चाले. मी सवयीने पुढे निघून जाई आणि मागून तिची हाक येई: अहो, थांबा ना जरा.
वेग वाढवला की आवाज बंद होत नाही. तो मागे पडतो.
आज हमरस्त्याने भरधाव आलो आणि इंजिन बंद करून अंगणात बसून राहिलो. काही वेळाने गल्लीच्या तोंडाशी — ठोका, घासणे. मग अंगणात. गाडीच्या डाव्या दारापाशी थांबले.

शनिवार
लेकीला फोन केला, येऊ नकोस. ती म्हणाली, बाबा, रेल्वेत बसलेसुद्धा, आता काय उडी मारू? कारण विचारले. मी फोन ठेवून दिला.

रविवार
सामान फार, गाडीवाचून इलाज नव्हता. परतताना लेक शेजारी बसली. गल्ली आली, वेग मंदावला. आवाज नाही. मुळीच नाही.
उतरताना तिने डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला. मुंग्या आल्या, म्हणाली.

सोमवार
मुंग्या उतरलेल्या नाहीत. कालपासून तिने मला एकदाही बाबा म्हटलेले नाही.
मागचे दार उघडे आहे. मी वेगात चालू शकतो, आवाज मागे पडेल. पण माझी लेक आत — तिला टाकून —
ठोका, घासणे. माझ्याच दाराकडे. कंठ लेकीचा —
अहो, थांबा ना ज