सातच्या खाली

सोमवार, ४
आले एकदाची! मावशीने दारातच मिठी मारली आणि लगेच माझ्या बॅगेच्या तुटक्या चाकावरून चार शब्द सुनावले. आई गेल्यापासून माझं म्हणावं असं हे एकच माणूस उरलंय. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मागे अरुंद गॅलरी. गॅलरीलगतची खोली मला दिलीय. आणि नोकरी तर अशी, की कुणाला सांगितली तर थट्टाच वाटेल. बसून मालिका बघायची! एका खुनी माणसाची मालिका आहे. भाग लोकांना दिसण्याआधी आम्हा बारा जणांना दाखवतात. मावशी म्हणाली, इतकी वर्षं फुकट बघत होतीस, आता पगार घेऊन बघ.

मंगळवार, ५
छोटं अंधारं सभागृह, बारा खुर्च्या. खुर्चीच्या हातावर एक गोल बटण, शून्य ते दहा. जेवढी भीती वाटेल तेवढं फिरवायचं. बारांपैकी एकाचाही आकडा सातच्या खाली राहिला, तर तो प्रसंग पुन्हा लिहून पुन्हा चित्रित करतात. शेवटी एक कागद भरून द्यायचा : काय खोटं वाटलं? देखरेख करणारे गृहस्थ दर वाक्याला ‘टिपून ठेवा’ म्हणतात, म्हणून मी त्यांचं नाव टिपणसाहेब ठेवलंय.

आज पहिला खून झाला. बाकीच्यांनी डोळ्यांवर हात घेतले. माझं बटण दोनवर. खोटं कशाला लिहू, मला काहीच वाटलं नाही. आई गेली तेव्हाही असंच झालं होतं. लोक रडत होते आणि मी आलेल्यांना चहा पुरेल का, याचा हिशेब करत होते.

शुक्रवार, ८
खोट काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आज दोन पानं भरून दिली. एकटी राहणारी बाई जादा किल्ली कुंडीखाली कशाला ठेवेल? ती जिन्यातल्या मीटरच्या पेटीत, जुन्या मोज्यात ठेवते. आणि हा बाबा तिला झोपेतच का गाठतो? दुपारी चारला ती गॅलरीत वाळलेले कपडे काढत असते. दाराकडे पाठ, कानात गाणी. दार उघडलेलं तिला कळणारही नाही. सगळं मावशीवरून लिहिलं. टिपणसाहेब खूश झाले.

सोमवार, ११
नवा भाग. किल्ली मोज्यात! मला हसूच फुटलं. मावशीला सांगितलं तर ती हुरळून गेली. आता त्या नटीला माझ्यासारखं नाकही लावा म्हणावं, म्हणाली. बाकीच्या अकरा जणांचे आकडे नऊच्या वर गेले. माझा दोन. माझ्या एकटीमुळे प्रसंग परत गेला.

गुरुवार, १४
तोच प्रसंग, नव्याने केलेला. नटी बदललीय, वयस्कर आहे. कपडे काढताना चिमटे दातांत धरते. मावशी धरते तसे. हे मी लिहिलं नव्हतं.

आकडा दोनच. टिपणसाहेबांनी बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला नेमकं काय लागतं? रागाने नाही, डॉक्टर विचारतात तसं. खरं वाटत नाही, असं मी म्हणाले. तोंडाला आलं ते बोलून गेले.

सोमवार, १८
मावशी सांगत होती, दुपारी पडद्यांची मापं घ्यायला एक माणूस आला होता. आम्ही पडदे सांगितलेच नव्हते. त्याने गॅलरी मोजली, मीटरची पेटीही बघितली म्हणे. फार नम्र होता. तिने त्याला चहा पाजला.

मी किल्ली मोज्यातून काढून पर्समध्ये टाकली. तिने तेवढ्यात दुसरी ठेवली. चाळीस वर्षांची सवय आहे, म्हणाली.

बुधवार, २०
आज बटण दहावर फिरवून घट्ट धरलं. प्रसंग पसंत होऊ दे, विषय मिटू दे. टिपणसाहेब हसले. बटण म्हणे नुसतं बघणाऱ्यांच्या समाधानासाठी असतं. खरा आकडा खुर्चीच्या हातातली पट्टी मनगटावरून घेते. त्यांनी मला तो दाखवला. छोटा हिरवा दोन.

पडद्यावर आमची गॅलरी होती. कठड्याचा गंजलेला कोपरा, निळी बादली — सगळं. फक्त बाई दुसरी.

पुन्हा करणार आहेत. या वेळी नटी नको, असं ठरलंय.

घाबरायला हवं. हे कळतंय. वाटत नाही.

गुरुवार, २१
मावशीला सगळं सांगितलं. चार वाजता गॅलरीत जाऊ नकोस, किल्ली आत घे. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मालिका बघून डोकं फिरलंय म्हणाली. उद्या जाऊ नकोस, माझ्याजवळ थांब, असंही म्हणाली.
हो म्हटलं.

शुक्रवार, २२
आले. जेवून मावशी आडवी झाली आणि मी निघाले. का — काय केलंय ते बघायला. दुसरं कारण नाही.

अकरा खुर्च्या रिकाम्या. वही मांडीवर. पडद्याच्या उजेडात लिहितेय.

गॅलरी. पाठमोरी बाई. डाव्या अंगठ्याला चिंधी — सकाळी विळीवर कापलं तेव्हा मीच बांधली. दोन गाठी. दोन्ही दिसतायत.

पडद्याच्या कोपऱ्यात वेळ. तीन अठ्ठावन्न. माझ्या घड्याळात तीच.

फोन बाहेर टेबलावर. वीस पावलं. दार उघडंच आहे. कोणी अडवत नाही.

पेटीचं झाकण वाजलं. तिला ऐकू येत नाही.

खुर्चीच्या हातावर तोच हिरवा आकडा. दोन.

उठायला हवं. उठते. फोन करते, ती उचलेल, कानातलं काढेल — उठतेच आता —

दार उघडलं. ती माझा कुर्ता घडी करतेय.

तीन.

तीन झाला! म्हणजे काहीतरी — आईनंतर पहिल्यांदा — छातीत काहीतरी —

चार. अजून थोडंसं बघितलं तर —