सातच्या बातम्या

दिलसुखनगर, हैदराबाद
८ सप्टेंबर १९९९

चि. निशिगंधा,
आशीर्वाद. नवी नोकरी आणि पुण्यातली खोली, दोन्ही तुला मानवली असतील असं धरून चालतो. तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. कुठे अडलीस तर आत्याला फोन करून विचारू नकोस, पुन्हा वाच.

सावित्रीआत्याचा गुडघा बरा आहे. सुलतान बाजारातलं आपलं जुनं घर मालकानं पाडलं, तिथं आता केबलवाल्याचं ऑफिस येतंय. मला जूनपासून पडद्यावरून काढलं आहे. त्यात कुणाचा दोष नाही. आवाज बसत चालला होता, आणि चॅनेलला आता दर तासाला बातम्या आणि तरुण चेहरे हवेत. मी नव्या मुलांना उच्चार शिकवतो. एका मुलीनं विचारलं, "सर, घरी मराठी बोलता, मग तुमचं तेलुगू इतकं स्वच्छ कसं?" मी सांगितलं, अठ्ठ्याहत्तर साली सरकारी टीव्ही केंद्रात लागलो तेव्हा मला तेलुगू लिपी भरभर वाचता येत नव्हती. वर्षभर प्रत्येक बातमी आधी देवनागरीत उतरवून घेतली आणि मग वाचली. कुणाला पत्ता लागला नाही. तिला ती थट्टा वाटली.

कुणाला पत्ता लागू न देणं मला तेव्हापासून जमतं.

परवा ऑटोवाल्यानंही विचारलं, "आवाज कू क्या हुआ साब?" कारण सापडलं आहे. घशात गाठ आहे, कॅन्सरची. सोमवारी, वीस तारखेला ऑपरेशन. जिवाला फारसा धोका नाही म्हणतात, पण स्वरयंत्र काढावं लागेल. त्यानंतर बोलता येणार नाही. आत्या सोबतीला येऊन राहणार आहे. तेव्हा काळजी करू नकोस.

एवढंच कळवायचं असतं तर फोन केला असता.

आई गेली ती संध्याकाळ तुला दवाखान्याच्या बाजूनं माहीत आहे. तू सोळा वर्षांची. आत्याशेजारी बाकावर, समोर टीव्ही. साडेसहाला आई गेली आणि सातला तुझे बाबा पडद्यावर आले, पंधरा मिनिटं बातम्या वाचल्या, शेवटी हात जोडून हसले. आत्या म्हणाली, "निरोप पोचला नसेल गं."

माझ्या बाजूनं ती अशी होती. सकाळी डॉक्टर म्हणाले होते, ताप उतरतोय. म्हणून कामावर गेलो. सातला दहा मिनिटं असताना दवाखान्यातून फोन आला, तो केशवरावांनी घेतला. तेही माझ्यासारखेच बातम्या वाचायचे. त्यांनी माझ्या हातातले कागद काढून घेतले.

"एकनाथराव, वहिनी गेल्या. तुम्ही निघा, मी वाचतो."

"बातम्या संपल्या की जातो."

"अहो, काय बोलताय? पोरगी तिकडे दवाखान्यात आहे."

"कागद द्या केशवराव."

त्यांनी दिले. मी वाचलं. परदेशी कंपन्यांना परवानगी, कापसाचे भाव, बँकांचा संप. एका शब्दाला अडखळलो नाही. केशवरावांनी ही गोष्ट कुठे काढली नाही. गेल्या वर्षी ते वारले.

नोकरीपायी वाचलं असं लिहिता आलं असतं. पण माणूस समोर तयार उभा होता. स्टुडिओचं दार लागून दिवे पेटले की बाहेरचं काही आत येत नसे. तिथं तुझी आई अजून गेलेली नव्हती. मला ती पंधरा मिनिटं हवी होती. त्या वेळात तू कुठे बसली असशील हे माझ्या मनात आलं नाही, असंही म्हणवत नाही, कारण केशवराव तेच सांगत होते. मी ऐकलं आणि आत गेलो.

तू दोनदा विचारलंस. एकदा तेराव्याला. दुसऱ्यांदा सत्त्याण्णव साली, नामपल्ली स्टेशनवर, पुण्याच्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवून. "बाबा, खरं सांगा. तुम्हाला माहीत होतं ना?" मी म्हणालो, "निरोप नंतर मिळाला." तू नुसतं "हौ" म्हणालीस आणि आत गेलीस. गाडी हलेपर्यंत मी खिडकीपाशी उभा होतो. तू पलीकडच्या बाजूला बसली होतीस.

मला माहीत होतं.

हे तोंडानं सांगायला हवं होतं. सहा वर्षं तोंड होतं.

तू यावंस असं लिहीत नाही, तुझी नोकरी नवी आहे. एकोणीस तारखेला रविवार आहे. दिवसभर मी घरीच आहे, फोनजवळ. भांडायचं असलं तरी चालेल. आवाज खरखरीत येतो, पण शब्द कळतात. जे विचारशील त्याचं खरं उत्तर देईन.

तुझा,
बाबा