देविदासची माती

दिग्रस, शुक्रवार, १२ मे १९६१

आज पुतणीचा साखरपुडा होता. मांडवात गॅसबत्त्या माह्याच. भाड्याची बत्ती म्हटलं की दिग्रसात माहं नाव घेतात, पण आज कोणी घेतलं? सारे माह्या मावसभावाच्या, देविदासच्या भोवती. केरळातल्या वाळूच्या कारखान्यात लागला तसा लय मोठा झाला.

मी बत्तीले मेंटलची जाळी बांधून राह्यलो होतो, तर यानं खिशातून पिवळ्या वाळूची शिशी काढली. म्हणे, समुद्राच्या वाळूतले काळे कण चुंबकानं ओढून घेतो. हे पिवळे निवडून सोड्यात शिजवतो, तेजाबात विरघळवतो, अन् त्यातून थोरियम अन् दुर्मिळ माती वेगळी काढतो. दुर्मिळ म्हणे! शेवटी मातीच ना?

"दादा, तुह्या मेंटलचा धागा याच्याच क्षारात भिजवतात. धागा जळून जाते, उजेड देते ते आमची माती."

शिशी हातोहात फिरली. होणाऱ्या जावयानंही डोळ्याजवळ धरून पाह्यली. पंप मारून माहे हात भरून आले, ते कोणाले दिसले नाही. अन् बत्ती पेटली तशी आईच ओरडली, "पाहा वं बायांनो, आपल्या देविदासचा उजेड!"

देविदासचा? बत्ती माही, रॉकेल माहं!

जाताना शिशी मलेच देऊन गेला. "गिऱ्हाइकाले दाखवजो." कायले दाखवू? फेकणार होतो, फेकवली नाही. समोरच आहे. बत्तीच्या उजेडात ते कण सोन्यावानी चमकत होते, म्हणून बत्तीच विझवली. हे वातीच्या चिमणीवर लिहून राह्यलो.

धूर डोळ्यात जाते. जाऊ दे. या उजेडात तरी त्याची माती नाही.