पायाळू बाहुली आणि तारेवरची वीज

प्रिय अक्का,

काल घाटातल्या तारायंत्राच्या तारेवर वीज पडली. तुझ्याशिवाय कुणाला सांगू? तू जाऊन कितीतरी पावसाळे झाले, तरी आभाळ गडगडलं की मला वाटतं, तू दारात उभी आहेस आणि वीज कुठून कुठे गेली ते बोटाने हवेत काढून दाखवते आहेस.

मला मुलगी झाली आहे, तुला भाची, अक्का! आणि तीही तुझ्यासारखीच पायांकडून जन्मली. पायाळू!

"पायाळूला इज हुडकत येती," आईचं अजून तेच. आठवतं? लहानपणी वीज चमकली की तुला धान्याच्या बळदात उतरवायचे आणि वर झाकण लावायचे. आम्ही सगळे बाहेर. तू काळोखात, ज्वारीच्या ढिगावर.

तो उन्हाळा मात्र मला स्वप्नासारखा दिसतो. तू माहेरी आली होतीस. हैदराबादहून आणलेलं विजेवरचं पुस्तक मी तुला मराठीत सांगत होतो, आणि ऐकता ऐकता तू माळवदावर अख्खा घाट उभा केलास! ओल्या मातीचे डोंगर, तुराट्यांचे खांब, वर तारवाल्याकडून मागून आणलेली तार, तारेच्या टोकाला मातीचंच तारघर. थाळीत वितळवून ओतलेली लाख घोंगडीने घासायची, तिच्यावर पितळेची ताटली टेकवून बोट लावायचं, मग ती रेशमी दोऱ्यांनी अलगद उचलायची. तो तुझा ढग! तारेजवळ नेला की चट्! निळी ठिणगी.

तारेवरची वीज थेट तारघरात शिरते का, एवढंच तुला पाहायचं होतं. शिरत होती; तिथेही ठिणगी उडायची. तेव्हा वरच्या तारेला टेकेल अशी दुसरी तार खांबाला बांधून तिचं खालचं टोक तू मातीत खोचलंस, आणि तारघरापाशी ठिणगी उडेनाशी झाली. वीज वाटेतच जमिनीत निजली!

मग खांबाखाली तू मातीच्या दोन बाहुल्या ठेवल्यास. "ही साधी, ही पायाळू."

आई हसली. "अगं, मातीची बाहुली पायाळू कशी आसंल?"

"मी तिला पायांकडूनच घडवलीया!"

ठिणगी दर वेळी उंच तारेवरच. बाहुल्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "खरी इज लई शहाणी आसती," म्हणत आई जिना उतरून गेली.

मी चावडीवर भाषण ठोकतो म्हणालो, तर तू म्हणालीस, "आधी आईला पटू दे." आणि ते पटायच्या आत तापाने गेलीस. एवढी कसली घाई होती गं?

काल घाटाकडे लखलखलं आणि आई बाळाला घेऊन बळदाकडे निघाली. मी आडवा आलो. रूढी, अज्ञान, माणुसकी, सगळं बोललो. याच बोलण्यावर वडवणीच्या बाजारात माणसं पागोटी उडवतात! आई म्हणाली, "समदा मुलूख शहाणा केलास न्हवं? मला ऱ्हाऊ दे."

मी वाटेतून बाजूला झालो.

तिने झाकण सरकवलं, खाली वाकली आणि तशीच राहिली.

"हितं ती लई रडायची," ती म्हणाली. "आमी वर बसून आयकायचो."

बाहेर कडाडलं. तारेवर पडलेली वीज तीच, हे आज सकाळी तारवाल्याने सांगितलं. आईने झाकण परत लावलं आणि बाळाला घेऊन आमच्यात येऊन बसली.

शब्द देतो, अक्का. यापुढे वीज चमकली की आम्ही सगळेच दार लावून आत बसू, कारण ती कुणावरही पडू शकते. तुझी भाची आमच्या मधोमध बसेल. आणि भ्यायलीच, तर ज्याची मांडी जवळ, त्याच्या मांडीवर.

तुझा धाकटा,
नाना